रीस्टार्टनंतर डिस्कवरचा कॅश कसा वाचवायचा: एनजिनएक्सच्या क्लस्टरवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

चार सर्व्हरवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) कॅश म्हणून चालतंय: मूळ ॲप्लिकेशनची उत्तरं साठवून ठेवायची आणि पुन्हा मागणी आली की तिथूनच द्यायची. या सर्व्हरच्या पुढे त्यांच्यात विनंत्या वाटणारा लोड बॅलन्सर आहे, मागे मूळ ॲप्लिकेशन आणि त्याचा डेटाबेस. कर्नलचा अपडेट आला म्हणून, किंवा वीज गेली आणि यूपीएसनेही हात टेकले म्हणून, मशीनं बंद होऊन पुन्हा उठली. अशा वेळी टीममध्ये नव्याने आलेल्याला हमखास सांगितलं जातं: ‘कॅश रिस्टोअर करून टाक.’ तो रिस्टोअरची कमांड शोधत बसतो आणि ती सापडत नाही, कारण ती नाहीच.

एनजिनएक्सचा डिस्कवरचा कॅश परत आणावा लागत नाही. त्याच जागी, त्याच नावाने, त्याच मालकीच्या फायली त्याला दिसल्या की तो त्या स्वतःच उचलतो. आपलं काम दोन गोष्टींचं. रीस्टार्टच्या गडबडीत तो कॅश आपल्याच हातून पुसला जाणार नाही हे बघणं, आणि परत आलेल्या कॅशमधला कोणता माल आता वाढण्यालायक राहिला नाही हे ओळखणं. दुसऱ्या कामाकडे बहुतेक जण बघतही नाहीत, म्हणून खाली त्याला जास्त जागा दिली आहे.

कॉन्फिगमधल्या सूचनांची नावं मी उच्चाराप्रमाणे सुटी लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या

कॅशचे दोन भाग असतात. एक डिस्कवर: प्रत्येक उत्तराची एक फाईल. दुसरा मेमरीत: कोणत्या किल्ल्या (प्रत्येक उत्तराची ओळख, सहसा त्याच्या यूआरएलवरून बनलेली) आपल्याकडे आहेत, त्या शेवटच्या कधी लागल्या, एकूण जागा किती गेली, याची यादी. या यादीच्या जागेला ‘कीज झोन’ म्हणतात आणि १ एमबीत साधारण ८,००० किल्ल्या मावतात. रीस्टार्ट झाला की मेमरीतली यादी जाते, फायली राहतात.

फाईलचं नाव म्हणजे कॅशच्या किल्लीचा एमडी५, तिच्यावरून गणिताने काढलेला ३२ अक्षरांचा ठसा. ‘लेव्हल्स’ला १:२ दिलं असेल तर त्या नावाचं शेवटचं एक अक्षर बाहेरच्या फोल्डरचं नाव होतं आणि त्याच्या आधीची दोन अक्षरं आतल्या फोल्डरचं. म्हणजे १६ गुणिले २५६, एकूण ४,०९६ फोल्डर. एखादी फाईल उघडून बघाच. सुरुवातीला थोडा बायनरी भाग दिसेल, त्याखाली ‘की’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आणि त्यात तुमची किल्ली जशीच्या तशी, मग मूळ सर्व्हरकडून आलेले हेडर, मग मजकूर. त्या बायनरी भागात हे उत्तर कधीपर्यंत ताजं मानायचं ती वेळ नोंदलेली असते. ‘अजून इतकी मिनिटं’ अशी नाही, थेट घड्याळाची वेळ. ही गोष्ट पुढे दोनदा लागणार आहे.

एनजिनएक्स सुरू झाल्यावर एका मिनिटाने ‘कॅश लोडर’ नावाची प्रोसेस उठते. ती सगळी फोल्डरं फिरते, प्रत्येक फाईलची नोंद मेमरीतल्या यादीत घालते आणि काम संपलं की निघून जाते. ‘कॅश मॅनेजर’ मात्र कायम जागा असतो. जास्त झालेल्या आणि बराच काळ न लागलेल्या फायली काढणं हे त्याचं काम.

लोडरचं काम संपेपर्यंत कॅशचा उपयोग नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. यादी अर्धवट असताना विनंती आली तर एनजिनएक्स थेट डिस्कवर त्या नावाची फाईल आहे का ते बघतं आणि असेल तर तीच देतं. म्हणजे पहिल्या सेकंदापासून हिट (कॅशमधूनच दिलेली उत्तरं) मिळू शकतात. लोडर संपल्यावर मात्र यादीत नाही ते आपल्याकडे नाही, असंच धरलं जातं.

पायरी १: रीस्टार्ट खरंच हवा आहे का?

कॉन्फिग बदलायची असेल तर रीलोड, म्हणजे न थांबवता कॉन्फिग पुन्हा वाचायला लावणं, पुरतो. झोनचं नाव आणि आकार तेच असतील तर रीलोडमध्ये मेमरीतली यादी जशीच्या तशी राहते, लोडरला उठावंही लागत नाही. मात्र त्याच नावाच्या झोनला दुसरा पाथ देऊन रीलोड करायला गेलात तर एनजिनएक्स साफ नकार देतं आणि जुन्याच कॉन्फिगवर चालत राहतं. लॉगमध्ये ओळ येते, पण लॉग न बघता बदल लागू झाला असं समजून चालणारे कमी नाहीत.

कर्नलसाठी किंवा हार्डवेअरसाठी मशीन बंद करावंच लागणार असेल तर एका वेळी एकच नोड (चारपैकी एक सर्व्हर) घ्या. लोड बॅलन्सरच्या यादीतून त्याची ओळ खोडू नका, तिच्यापुढे ‘डाउन’ लिहा. साधं हॅशिंग (यूआरएलवरून नोड ठरवणं) वापरत असाल तर ओळ खोडल्याने बहुतेक यूआरएलची वाटणी बदलते आणि उरलेल्या नोडचाही बराचसा कॅश एकदम निरुपयोगी होतो. ‘डाउन’ लिहिलं तर त्या एका नोडचा वाटाच इतरांकडे जातो. मग एनजिनएक्सला ‘क्विट’ द्या, म्हणजे हातातल्या विनंत्या पुऱ्या करून ते थांबेल.

बंद करण्याआधी तीन आकडे टिपून ठेवा: कॅशच्या फोल्डरमध्ये फायली किती, जागा किती, आणि गेल्या तासाभरात हिटचं प्रमाण किती. उठल्यावर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं.

पायरी २: डिस्क खरंच जागेवर आहे का ते बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त कॅश इथेच हरवतात, आणि हरवले हे कळतही नाही. कॅशसाठी वेगळी एसएसडी असते, ती एका फोल्डरवर माउंट केलेली (जोडलेली) असते. मशीन उठताना काही कारणाने ती माउंट झाली नाही, तरी ते फोल्डर रूट डिस्कवर रिकामं असतंच. एनजिनएक्सला रिकामं फोल्डर दिसतं, ते निमूटपणे तिथे नवा कॅश भरायला लागतं. सगळे निर्देशक हिरवे. तासाभराने रूट डिस्क भरते आणि मग फोन वाजायला लागतात.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्याची फाईल) ‘नोफेल’ लिहिलेलं असेल तर हे होण्याची शक्यता वाढते, कारण डिस्क नसली तरी बूट पुढे जातो. ‘नोफेल’ काढा असं मी म्हणणार नाही. दूरच्या डेटा सेंटरमधलं मशीन एका कॅश डिस्कपायी इमर्जन्सी मोडमध्ये अडकणं जास्त त्रासाचं. त्याऐवजी सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस फाईलमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ (इथे मात्र सलग, अंडरस्कोरशिवाय: RequiresMountsFor) ही ओळ घालून तिला कॅशचा पाथ द्या. मग ती डिस्क माउंट झाल्याशिवाय एनजिनएक्स सुरूच होणार नाही. एफएसटॅबमध्ये डिस्क तिच्या यूयूआयडीने लिहा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात.

तपासायला ‘फाइंडमाउंट’ (टाइप करताना findmnt) ही कमांड आणि डिस्क ज्या फोल्डरवर माउंट होते त्याचा पाथ एवढं पुरे. त्यासोबत ‘डीएफ’ दोनदा चालवा, एकदा जागेसाठी आणि एकदा आयनोडसाठी (फाईलसिस्टिममधली नोंद, प्रत्येक फाईलला एक). लहान लहान फायलींचा कॅश असेल तर जागा शिल्लक असूनही आयनोड संपलेले असतात.

ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या मशीनवर कॅश इन्स्टन्स स्टोअर या तात्पुरत्या डिस्कवर ठेवला असेल तर एक फरक पाठ करून ठेवा. मशीन आतून रीबूट केलं तर तिथला डेटा राहतो. स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलं तर जातो. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ‘एम्टीडिर’ या तात्पुरत्या फोल्डरचं थोडंफार तसंच. कंटेनर पडून उठला तर फायली असतात, पॉड (कंटेनरांचा गट) काढला गेला की त्याच्याबरोबर गेल्या. आणि कॅश टीएमपीएफएसवर असेल तर तो मेमरीतच होता, रीबूटनंतर शोधायला जाऊ नका.

घड्याळही आत्ताच बघा. ताजेपणाची वेळ घड्याळातली असते हे वर आलंच. मदरबोर्डची बॅटरी गेलेलं मशीन जुन्या तारखेला उठलं तर दोन दिवसांपूर्वी कालबाह्य झालेली पानंही ताजी ठरतात. ‘क्रॉनी’ या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने वेळ जुळवली आहे याची खात्री झाल्याशिवाय एनजिनएक्स सुरू करू नका.

पायरी ३: वीज गेली होती? मग शेवटच्या फायलींवर विश्वास नको

नीट बंद केलेल्या मशीनवर ही पायरी सोडून द्या.

एनजिनएक्स कॅशची फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाली की खऱ्या नावावर आणतं. त्यामुळे अर्धवट उतरलेलं उत्तर एरवी कॅशमध्ये शिरत नाही. पण लिहिलेलं सगळं त्या क्षणी डिस्कवर पोहोचलेलंच असतं असं नाही; लिनक्स ते काही सेकंद मेमरीत धरून ठेवतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर नाव आहे पण आत काही नाही, किंवा अर्धंच आहे, अशा फायली उरू शकतात.

अगदीच रिकाम्या फायलींचा निकाल लोडर लावतो. लॉगमध्ये ‘टू स्मॉल’ अशी तक्रार नोंदवून तो ती फाईल उडवतो. खरी डोकेदुखी म्हणजे ज्यांचा सुरुवातीचा भाग शाबूत आहे पण मजकूर मध्येच तुटला आहे त्या. एनजिनएक्स मजकुराचा चेकसम ठेवत नाही, त्यामुळे अशी फाईल ते बिनदिक्कत देऊन टाकतं. ब्राउझरमध्ये अर्धाच फोटो उतरतो, आणि तो सगळ्यांना अर्धाच उतरतो, कारण तो कॅशमधून येतोय.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. वीज किती वाजता गेली ते सिस्टिमच्या लॉगवरून काढा आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत बदललेल्या सगळ्या फायली ‘फाइंड’ने शोधून उडवा. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये लिहायचं राहिलेलं पान अर्ध्या मिनिटाने जुनं धरून डिस्कवर पाठवलं जातं, म्हणजे दहा मिनिटं हा भरपूर मोकळा हिशेब झाला. लाखभर फायलींतल्या काहीशे गेल्या तर बिघडत नाही. फाईलसिस्टिमची तपासणी याच्याही आधी, डिस्क माउंट करण्यापूर्वी.

पायरी ४: मालकी आणि कॉन्फिग

कॅशच्या फायली फक्त मालकालाच वाचता येतील अशा परवानगीने बनतात. डेबियनच्या पॅकेजमध्ये एनजिनएक्स ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाने चालतं, एनजिनएक्सच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतल्या पॅकेजमध्ये ‘एनजिनएक्स’ या नावाने. अपडेटच्या निमित्ताने कुणी पॅकेजचा स्रोत बदलला असेल तर रीस्टार्टनंतर लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ आणि १३ हा आकडा दिसायला लागतो. मालकी बदलून घ्या. रेड हॅटच्या घराण्यातली सिस्टिम असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची लेबलंही ‘रीस्टोरकॉन’ने सरळ करा.

कॉन्फिगमध्ये चार गोष्टी रीस्टार्टच्या आधी होत्या तशाच असल्या पाहिजेत.

पाथ तर उघडच आहे. लेव्हल्स बदलल्या तर एनजिनएक्स फायली नव्या फोल्डरांत शोधतं, त्या जुन्यांत पडून असतात. मिळत नाहीत आणि जागाही अडवतात.

तिसरी गोष्ट किल्ली. ‘प्रॉक्सी कॅश की’ तुम्ही स्वतः लिहिली नसेल तर एनजिनएक्स ती स्कीम, प्रॉक्सी होस्ट आणि यूआरआय जोडून बनवतं. यातला प्रॉक्सी होस्ट म्हणजे ‘प्रॉक्सी पास’मध्ये लिहिलेलं नाव. आता समजा, रीस्टार्टच्या निमित्ताने कुणीतरी साफसफाई म्हणून अपस्ट्रीमचं (मागच्या सर्व्हरच्या गटाचं) नाव ‘बॅकएंड’चं ‘ॲप’ केलं. दिसायला किरकोळ बदल, पण प्रत्येक किल्ली बदलली, म्हणून प्रत्येक एमडी५ बदलला. लाखो फायली डिस्कवर सुखरूप आहेत आणि एकही हिट मिळत नाही. नवा क्लस्टर उभा करत असाल तर किल्ली पहिल्या दिवसापासून स्वतः लिहा आणि तिच्यात अंतर्गत नावं घेऊ नका.

चौथा, झोनचा आकार. वाढवला तर चालेल. कमी करू नका. लोडरला एखाद्या फाईलची नोंद करायला झोनमध्ये जागा मिळाली नाही तर तो ती फाईल सोडून पुढे जात नाही, ती काढून टाकतो. मेमरी वाचवायला म्हणून झोन अर्धा केला आणि कॅशही अर्धा झाला, असा प्रकार होतो. लॉगमध्ये ‘कुड नॉट अलोकेट नोड’ दिसलं की समजा, झोन अपुरा आहे.

लोडरचा हा स्वभाव आणखी एका ठिकाणी नडतो. कॅशच्या फोल्डरमध्ये त्याला ओळखू न येणारी फाईल दिसली तर तो तीही उडवतो. तिथे नोंदींची फाईल, बॅकअप, स्क्रिप्ट असलं काही ठेवू नका. डिस्कच्या मुळाशी कॅश न ठेवता एक फोल्डर आत ठेवा, म्हणजे ‘लॉस्ट अँड फाउंड’शी त्याचा संबंध येणार नाही.

एनजिनएक्सची आवृत्ती बरीच पुढची घेतली असेल तर फाईलच्या सुरुवातीच्या भागातला फॉरमॅटचा क्रमांक बदललेला असू शकतो. तसं असेल तर जुन्या फायली नाकारल्या जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. यावर इलाज नाही, तो नोड रिकाम्या कॅशचा समजून पुढे चला.

पायरी ५: सुरू करा आणि लोडरकडे बघा

सुरू करण्याआधी एक सूचना तपासा, ‘इनॅक्टिव्ह’. काहीच लिहिलं नसेल तर ती १० मिनिटं असते. एखादी फाईल इतका वेळ कुणी मागितली नाही तर ती ताजी असो वा शिळी, मॅनेजर ती काढतो. रीस्टार्टनंतर लोडर प्रत्येक फाईलची नोंद करतो तेव्हा हे मोजमाप नव्याने सुरू होतं. आपण नोड लोड बॅलन्सरपासून तोडून ठेवलाय, आपलं तपासणं निवांत चालू आहे, ट्रॅफिक शून्य. दहा मिनिटांनी मॅनेजर एकेक फाईल काढायला लागतो, कारण कुणीच काही मागत नाहीये. तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत कॅश रिकामा. म्हणून ‘इनॅक्टिव्ह’ निदान एक दिवस ठेवा. ताजेपणा ठरवायला ‘प्रॉक्सी कॅश व्हॅलिड’ आणि मूळ सर्व्हरचे हेडर आहेत, ते काम ‘इनॅक्टिव्ह’कडून करवून घेऊ नये.

कॉन्फिग तपासून एनजिनएक्स सुरू करा. मिनिटभराने ‘पीएस’मध्ये कॅश लोडर दिसेल. तो एका फेरीत जास्तीत जास्त १०० फायली घेतो, एका फेरीला २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ देत नाही आणि दोन फेऱ्यांमध्ये ५० मिलिसेकंद थांबतो. हे मूळचे आकडे आहेत. तुमच्याकडे २० लाख फायली असतील तर २०,००० फेऱ्या झाल्या. नुसतं थांबण्यातच १,००० सेकंद जातात, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास, वर प्रत्यक्ष कामाचा वेळ वेगळा. एसएसडी असेल तर ‘लोडर फाइल्स’ १,००० करा, थांबण्याचा वेळ १०० सेकंदांवर येतो. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर घाई करू नका. लोडर आणि खऱ्या विनंत्या एकाच डिस्कवर भांडतात.

लोडर चालू असेपर्यंत मॅनेजरला एकूण आकाराचा पूर्ण अंदाज नसतो. त्यामुळे त्या काळात कॅश ‘मॅक्स साइझ’च्या वर जाऊ शकतो. डिस्कवर थोडी जागा राखून ठेवा, किंवा १.१९.१ पासून आलेली ‘मिन फ्री’ वापरा. आणखी एक बारकावा: कोणती फाईल लोकांना जास्त लागत होती ही आठवण मेमरीतल्या यादीबरोबर गेलेली असते. नवा क्रम लोडर ज्या क्रमाने फोल्डरं फिरला त्याचा असतो. मर्यादेला टेकलेल्या कॅशमधून रीस्टार्टनंतर लगेच काही लोकप्रिय पानं गेली तर बुचकळ्यात पडू नका.

पायरी ६: शेजारच्या नोडवरून कॉपी करावं का?

हा प्रश्न नवीन माणूस विचारतोच. यूआरएलप्रमाणे हॅशिंग असेल तर नको. प्रत्येक नोडकडे वेगळा वाटा आहे, शेजाऱ्याच्या फायली इकडे कुणी मागणारच नाही. राउंड रॉबिन (विनंत्या आळीपाळीने वाटणं) असेल, म्हणजे सगळ्यांकडे साधारण सारखंच असेल, तर ‘आरसिंक’ने आणता येतं, कारण प्रत्येक फाईल स्वयंपूर्ण असते. फक्त हे एनजिनएक्स सुरू करण्याच्या आधी करा. लोडर संपल्यावर आणून टाकलेल्या फायली यादीत नसतात, त्यामुळे पुढच्या रीस्टार्टपर्यंत त्या असून नसल्यासारख्या.

सगळ्या नोडना एनएफएसवरचं (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कवरचं) एकच फोल्डर द्यावं, ही कल्पनाही अधूनमधून कुणीतरी मांडतं. प्रत्येक नोडचा मॅनेजर ते फोल्डर आपलंच समजून साफसफाई करतो. नकोच.

पायरी ७: कॅश परत आला, पण खरा आहे का?

नोड तीन तास बंद होता. त्या तीन तासांत संपादकाने चुकलेली बातमी दुरुस्त केली, किंवा विक्रेत्याने किंमत बदलली, आणि यंत्रणेने चारही नोडना ‘ही यूआरएल पुसा’ असा निरोप पाठवला. तीन नोडनी पुसली. चौथा बंद होता. आता तो उठलाय आणि त्याच्या डिस्कवर जुनं पान आहे, ज्याची मुदत उद्यापर्यंत आहे. एनजिनएक्सच्या दृष्टीने ते ताजं, ‘हिट’ म्हणून मिरवणारं पान आहे. चार वाचकांपैकी एकाला चुकीची बातमी दिसते, बाकी तिघांना बरोबर, आणि तक्रार आली की ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय’ हेच उत्तर मिळतं.

रिकामा कॅश हळू असतो, खोटा नसतो. परत मिळवलेला कॅश खोटा असू शकतो. म्हणून ट्रॅफिक देण्याआधी पुसण्याच्या निरोपांची नोंद काढा: नोड बंद झाल्यापासून उठेपर्यंत कोणत्या यूआरएल पुसायला सांगितल्या होत्या? त्या सगळ्या या नोडवर पुन्हा चालवा. एनजिनएक्सच्या मोफत आवृत्तीत पुसण्याची सोय आतून नाही, बरेच जण त्यासाठी वेगळं मॉड्यूल बसवतात. मॉड्यूल नसेल तर हातानेही होतं. किल्ली जशी बनते तशी अक्षरन् अक्षर लिहा, शेवटी नवी ओळ येऊ न देता ‘एमडी५सम’ला द्या, मिळालेल्या नावावरून फोल्डर ठरवा आणि ती फाईल काढा. एनजिनएक्स चालू असताना फाईल काढली तरी ते कोलमडत नाही, पुढच्या विनंतीला मूळ सर्व्हरकडून नवी आणतं. पुढे कधीतरी मॅनेजरने तीच फाईल काढायला जाऊन ती सापडली नाही अशी कुरकुर लॉगमध्ये केली तर दुर्लक्ष करा. एकाच यूआरएलचे ‘व्हेरी’ हेडरमुळे अनेक प्रकार साठवले जात असतील तर मात्र या हिशेबाने सगळे सापडत नाहीत. तिथे फायलींमधली किल्लीची ओळ ‘ग्रेप’ने शोधणं बरं.

पुसण्याच्या निरोपांची नोंदच ठेवलेली नसेल तर? मग माझं मत स्पष्ट आहे: बातम्या, किमती, निकाल, तिकिटांची उपलब्धता असलं काही या कॅशमध्ये असेल तर तो टाकून द्या. एनजिनएक्स बंद करा, कॅशच्या फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचं रिकामं फोल्डर बनवून मालकी द्या, एनजिनएक्स सुरू करा. जुनं फोल्डर मागाहून ‘आयोनाइस’ लावून सावकाश उडवा. लाखो फायली जागच्या जागी उडवण्यात अर्धा तास जाऊ शकतो, नाव बदलायला क्षण पुरतो. नावात आवृत्ती असलेले फोटो, स्क्रिप्ट, फॉन्ट असल्या न बदलणाऱ्या फायलींचा झोन वेगळा ठेवलेला असेल तर तो तसाच राहू द्या. झोन वेगळे ठेवण्याचा खरा फायदा अशाच दिवशी कळतो.

नंतर नोडवर थेट चाचणी घ्या. ‘कर्ल’ने लोड बॅलन्सरला वगळून नोडच्या पत्त्यावर विनंती पाठवा, होस्ट हेडर खऱ्या साइटचं द्या. उत्तराच्या हेडरमध्ये ‘अपस्ट्रीम कॅश स्टेटस’ची किंमत दिसेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवलेली असावी. ‘हिट’ म्हणजे कॅश सापडला. ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे फाईल सापडली पण मुदत संपली होती. ‘मिस’ एखाद्दुसरा असेल तर सोडून द्या, सलग येत असेल तर पायरी ४ मधली किल्ली पुन्हा बघा.

पायरी ८: मूळ सर्व्हर सांभाळून ट्रॅफिक द्या

तीन तासांत बऱ्याच फायलींची मुदत संपलेली असणार. सगळे ग्राहक एकदम आले तर मागचं ॲप्लिकेशन आडवं होऊ शकतं. चार सूचना आधीपासून लागू हव्यात.

‘प्रॉक्सी कॅश लॉक’ चालू असलं की नसलेल्या पानासाठी एका वेळी एकच विनंती मागे जाते, बाकीच्या थांबतात. पण मूळ सेटिंगमध्ये पाच सेकंदच, मग त्याही मागे जातात. मागचा सर्व्हर संथ असेल तर हा वेळ वाढवा. ‘प्रॉक्सी कॅश यूज स्टेल’मध्ये एरर, टाइमआउट आणि अपडेटिंग घाला, आणि जोडीला ‘बॅकग्राउंड अपडेट’. मग मुदत संपलेलं पान वाचकाला लगेच मिळतं आणि नवं मागून येतं. पायरी ७ केलेली नसताना ही सूचना धोक्याची, हे वेगळं सांगायला नको. चौथी ‘प्रॉक्सी कॅश रीव्हॅलिडेट’: मूळ सर्व्हर ईटॅग किंवा लास्ट मॉडिफाइड पाठवत असेल तर मुदत संपलेली फाईल पुन्हा अख्खी आणण्याऐवजी ‘बदललंय का’ एवढंच विचारलं जातं आणि ३०४, म्हणजे ‘बदललेलं नाही’, या उत्तरावर काम भागतं. जुना कॅश वाचवण्याची सगळी खटपट इथे वसूल होते.

लोड बॅलन्सरवर ‘हॅश’ला ‘कन्सिस्टंट’ (नोड बदलले तरी वाटणी कमीत कमी हलवणारा पर्याय) जोडलेलं असेल तर नोडची जागा त्याच्या ‘सर्व्हर’ ओळीत लिहिलेल्या नावावरून ठरते. तिथे आयपी लिहिला असेल आणि मशीन नवा आयपी घेऊन उठलं, तर त्याच्या वाट्याला दुसऱ्याच यूआरएल येतात आणि डिस्कवरचा माल पडून राहतो. होस्टनेम लिहिलंत तर हा प्रश्न उरत नाही.

ट्रॅफिक टप्प्याटप्प्याने द्यायचा असेल तर सगळ्या नोडचं वजन आधीपासून १० ठेवा. परत येणाऱ्याला आधी १ द्या, मग ४, मग १०. कन्सिस्टंट हॅशमध्ये कमी वजनाला मिळालेल्या यूआरएल वजन वाढवल्यावरही त्याच नोडकडे राहतात, त्यामुळे मध्ये गरम झालेला कॅश वाया जात नाही. प्रत्येक टप्प्यावर नोडच्या हिटपेक्षा मूळ सर्व्हरच्या उत्तराचा वेळ बघा. तो वाढायला लागला की तिथेच थांबा, ओसरला की पुढे जा.

पूर्ण वजनावर हिटचं प्रमाण पायरी १ मध्ये टिपलेल्या आकड्याच्या जवळ आलं की दुसरा नोड ‘डाउन’ करायला हरकत नाही.